गोठ्यातला मसाला

वासंती तांडेलला राग धरता येतो हे तिच्या घरच्यांना माहीत नव्हतं. नवरा जानू भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचा आणि स्टँडवर सगळ्यांना सांगायचा, आमच्या हिचा राग चहावरच्या फेसासारखा, एक फुंकर मारली की गेला. पंचवीस वर्षं त्याचं म्हणणं खरं ठरलं. मग एका माघात तो राग आला आणि चार महिने मुक्काम करून राहिला.

तो का आला ते सांगायचं तर गोठ्यापासून सांगायला हवं.

वासंती कोळ्यांची लेक. बाप होडीवर जायचा, आई मसाला करायची. आईचा हात तिच्या हाती आला होता. आधी ती नातेवाइकांपुरता मसाला करायची, घरातल्याच गॅसवर मिरच्या भाजून. मग नातेवाइकांच्या शेजाऱ्यांनी मागितला, शेजाऱ्यांच्या ऑफिसातल्यांनी मागितला. इमारतीत मात्र मिरची भाजायला घेतली की खालपासून वरपर्यंत ठसका. चौथ्या मजल्यावरच्या दम्याच्या आजोबांना एकदा दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळा आणि गणपतीची वर्गणी यांच्या मधोमध, सूचना लागली: सदनिकेत मिरची भाजण्यास सक्त मनाई आहे. वासंती भांडली नाही. आजोबांच्या घरी जाऊन पाया पडून आली आणि जागा शोधायला लागली.

इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा परवडणारा नव्हता, आणि जो परवडत होता त्याचा मालक मिरचीचं नाव काढताच दार लावून घ्यायचा. शेवटी मंदाने सांगितलं. मंदा राई गावातली, बाजारात भाजी घेऊन बसणारी, वासंतीच्या मिरच्यांचे देठ काढायला यायची. म्हणाली, आमच्या हरेश्वर म्हात्रेंचा गोठा रिकामाच पडलाय, विचारून तर बघ.

राई भाईंदरहून उत्तनला जाताना रस्त्यावरच लागतं. गोठा गावाच्या कडेला, पलीकडे तिवरं आणि मिठागराचे बांध. हरेश्वरच्या बापाने, राघो म्हात्रेने, तो बैलांसाठी बांधला होता. वर कौलं, ती पेलणाऱ्या सागाच्या मेढी, मातीच्या जाड भिंती, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि एका भिंतीला लागून चांगली कमरेएवढी उंच सिमेंटची गव्हाण. बैल गेले, राघो गेला, शेती गेली. हरेश्वरने चाळ बांधून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. गोठ्यात मोडकी कपाटं आणि गणपतीच्या मखरांचा थर्माकोल. आजूबाजूला घर नाही, ठसका लागेल तो वाऱ्याला. वासंतीने दारात उभं राहून मनातल्या मनात हात जोडले.

हरेश्वर म्हणाला, "गोठा हाय तो. तुला चालत असेल तर माझी काय ना न्हाय." अकरा महिन्यांचा करार झाला. दर वर्षी नवा करायचा.

तिने आणि मंदाने मिळून आठ दिवस गोठा साफ केला. भिंतींना चुना दिला, जमीन सारवली, मसाला कुटायचा जुना डंख टेम्पोतून आणून बसवला. पहिल्या दिवशी जो मसाला निघाला त्यातली मूठभर पुडीत बांधून तिने त्या भागातल्या धारावी देवीपुढे ठेवली. धुप धुप असा डंखाचा आवाज राईत ऐकू यायला लागला, आणि बायका म्हणायला लागल्या, चला, राघोच्या गोठ्यात पुन्हा जीव आला.

पहिल्याच चैत्रात एक गोष्ट झाली, आणि पुढचं सगळं त्या गोष्टीवर उभं राहिलं.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. भाजलेल्या मिरच्यांची पोती जमिनीवर ठेवलेली. वासंतीने खालचं पोतं उचललं तर ते जड लागलं. तोंड सोडलं तर आतल्या मिरच्या मऊ पडलेल्या आणि एक कुबट वास. मंदा म्हणाली, उंदीर मुतला असेल. वासंतीने पोतं बाजूला सारलं. मसाल्याच्या जागेत ती अनवाणीच वावरायची. तशीच चालत ती मधल्या मेढीपाशी गेली आणि थांबली. तिथली जमीन पायाला माठाच्या बुडासारखी गार लागत होती. नुसती गार नाही, दमट.

होडीवाल्याच्या मुलीला उधाण शिकवावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमा झाली की पुढचे दोन दिवस खाडी सगळ्यात जास्त भरते. पाणी बांध ओलांडून गोठ्यात येत नव्हतं, पण मातीच्या आतून, कुणाला न दिसता, वर चढत होतं. तीन दिवस राहायचं आणि उतरायचं. राघो म्हात्रेला हे ठाऊक असणार. पण त्याच्या बैलांना खुराखालची जमीन ओली असली काय आणि कोरडी असली काय.

तेव्हापासून वासंतीने दोन गोष्टी ठरवल्या. पोती जमिनीवर ठेवायची नाहीत, गव्हाणीवर ठेवायची, तीही भिंतीपासून हातभर लांब. आणि अमावास्या-पौर्णिमेला धरून तीन दिवस काम बंद. भाजणं नाही, कुटणं नाही, भरणं नाही.

हरेश्वरने विचारलं, हे महिन्यातून दोनदा काय बंद असतं तुमचं? आणि वासंती खोटं बोलली. जागा ओली होते असं म्हटलं असतं तर त्याने म्हटलं असतं, मग कर तूच दुरुस्ती. गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी मसाला घेतलाच नसता. म्हणून ती म्हणाली, "देवीचं पाळते."

त्या संध्याकाळी तिने दिवा लावला. आई, तुझं नाव मध्ये घातलं, पोटासाठी घातलं, माफ कर, असं ती म्हणाली. देवीने माफ केलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. पण पुढे चार वर्षं मसाल्याला एक बुरशीचा ठिपका आला नाही. लोक म्हणायचे, बाई देवभोळी आहे, म्हणून हाताला चव आहे. ती ऐकून घ्यायची.

मसाल्याला तिने नाव दिलं नव्हतं. नाव गिऱ्हाइकांनी दिलं. बेव्हर्ली पार्कच्या आशा सावंतांनी कुणाला तरी फोनवर सांगितलं, अगं तो गोठ्यातला मसाला घे. झालं. मीरा रोडपासून वरसाव्यापर्यंत तेच नाव. बरण्यांवर वासंतीने तेच छापून घेतलं: गोठ्यातला मसाला.

चौथ्या वर्षी समिधा आली. हरेश्वरच्या मुलाची, निकेतची बायको, नवी नवरी, पालघरकडची. घरात कंटाळायची म्हणून गोठ्यात येऊन बसायची. "काकी, मी देठ काढू?" असं विचारून तिने सुरुवात केली आणि चार महिने रोज आली. वासंतीला दोन मुलगेच; शेजारी बसून ऐकणारी मुलगी तिला हवीच होती. तिने हातचं राखलं नाही. कोणती मिरची रंगाची, कोणती चवीची, कोणती नुसत्या झणक्याची. धणे किती तांबूस झाले की उतरवायचे. खसखस सगळ्यात शेवटी, कढई बंद करून नुसत्या उबेवर. भरलेल्या बरणीत वर हिंगाचा खडा. समिधा मोबाइलवर फोटो काढायची, वासंतीला त्याचंही कौतुक. फक्त ते तीन दिवस आले की समिधा हसायची.

"काकी, मशीनला पण उपास असतो का हो?"

वासंतीही हसायची. तिला सांगावं असं एकदोनदा ओठावर आलं होतं. पण त्या खोट्याला चार वर्षं झाली होती. ते आता कसं उकलायचं ते तिला कळेना.

पौषात करार संपला. हंगामाच्या तोंडावर. हरेश्वर ओट्यावर बसून सुपारी कातरत म्हणाला, निकेतला गाडी लावायला जागा लागते, आमचं आम्हाला लागतं आता. वासंतीने विनवलं. फक्त हंगामाचे चार महिने द्या, मिरचीवाल्याला सांगून बसलेय. हरेश्वरने अडकित्त्यातून मान वर केली नाही.

"कागदावर काय लिवलंय ते बघ. अकरा म्हैने. मी काय जास्त बोललो का?"

पंधरा दिवसांत तिने डंख उखडला. टेम्पो भरत असताना समिधा बाहेर आली नाही. घराच्या खिडकीतला पडदा मात्र एकदा हलला. वासंतीने तेही मनाला लावून घेतलं नव्हतं. पोर आहे, सासऱ्यापुढे काय बोलणार.

मग माघात मंदा एक कागद घेऊन आली. वासंतीपुढे तो धरताना तिची नजर खाली होती. गुळगुळीत रंगीत कागद. वर मोठ्या अक्षरांत: गोठ्यातला मसाला. खाली: तोच गोठा, तीच चव. समिधा म्हात्रे, आणि फोन नंबर. मध्ये फोटो, परातीत मसाला कालवणारे दोन हात.

वासंतीने तो फोटो खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला. डाव्या अंगठ्याखाली भाजल्याचा डाग होता. ते हात तिचे होते.

जानूने फुंकर मारून पाहिली. जाऊ दे गं, देव बघतो. ती म्हणाली, "देव बघतोच. मी पण बघणार आहे."

शुक्रवारी ती धारावी देवीला गेली. तिथे उभी राहून तिने मागितलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण ती खोटं मागायला शिकली नव्हती. म्हणाली, मला गोठा परत नको. तो कुणाच्याच कामाचा राहू नये. आणि जोवर हे होत नाही तोवर मी मसाला तोंडात घालणार नाही.

कोळ्याच्या घरात असं व्रत म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच कळावं. जानूसाठी लाल कालवण, तिच्यासाठी वेगळ्या टोपात हळद-मिठातली मासळी. तो पिवळा रस्सा भातावर ओतताना जानूला स्वतःचा घास गिळवेना. ती मात्र शांतपणे जेवायची, जणू दर घासाला काहीतरी खात्यात जमा होत होतं.

जागा तिला महिन्याभरात मिळाली. उत्तनची व्हायोलेट तिची जुनी गिऱ्हाईक, वयाने मोठी, जिभेने तिखट. तिच्या भावाची, गॅब्रियलची, उत्तनजवळ डोंगरीला भाजीची वाडी होती. वाडीत चढावर एक पत्र्याची खोली, अवजारं आणि खताच्या गोणी ठेवायची. वासंती ती बघायला पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी गेली, चपला बाहेर काढून आत शिरली आणि चारी कोपऱ्यांत उभी राहिली. गॅब्रियल बहिणीला म्हणाला, ही बाई जागा बघते का नाचते? जमीन कोरडी खडखडीत होती. वासंती हो म्हणाली.

पण डोंगरीला जायचं तर राईवरूनच जावं लागतं. रोज सकाळी जानूची रिक्षा गोठ्यावरून जायची, आणि रोज तिला तो रंगीत बोर्ड दिसायचा. जानू वेग वाढवायचा. ती म्हणायची, हळू चालवा.

एक दिवस मंदाने सांगितलं, आत लादी बसवलीय. पांढरी, चकचकीत, हॉटेलासारखी. आणि अडगळ नको म्हणून गव्हाण फोडून टाकली. आता पोती भिंतीला टेकून छपरापर्यंत रचतात. आणि सुट्टी? वासंतीने विचारलं. कसली सुट्टी, मंदा म्हणाली, समिधा सांगत होती, काकींचे ते देवदेव गेले, आता महिन्याचे तीस दिवस काम.

 वासंती हसली. माघापासून पहिल्यांदा. लादी टाकली म्हणून खालचं पाणी थांबत नसतं; ते वाट शोधतं आणि मातीच्या भिंतीत चढतं. आणि भिंतीला पोती टेकलेली.

त्या संध्याकाळी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात फाल्गुनी पौर्णिमेवर बोट ठेवलं, मग फाल्गुनी अमावास्येवर, मग पुढे. एक शब्द सांगितला असता तर त्यांचं नुकसान टळलं असतं. तो शब्द तिने जिभेखाली ठेवला आणि पिवळ्या कालवणाबरोबर रोज चघळला. दुपारी मसाला कालवताना ती मनात पाणी मोजायची. आज एवढं चढलं असेल. आज खालच्या पोत्यापर्यंत पोचलं असेल. उधाणाच्या दिवशी तिला झोपेतून उठल्या उठल्या बरं वाटायचं.

वैशाखाच्या सुरुवातीला आशा सावंत तिच्या दारात उभ्या राहिल्या. हातात बरणी. आत बसायला सुद्धा तयार नाहीत.

"वासंतीताई, तुमच्यावर विश्वास ठेवून दोन किलो घेतला. व्याही जेवायला होते आमचे. टेबलावर वास आला हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

वासंतीने झाकण उघडलं. वर हिंगाचा खडा होता, तिनेच शिकवलेला. त्याच्या बाजूने हिरवट-पांढरी बुरशी. बरणीवर नाव तेच, अक्षरं सुद्धा तिच्याच छापखान्यातली वाटावीत अशी. तिने सांगितलं, हा माझा नाही. आशाताई म्हणाल्या, अहो, गोठ्यातला मसाला म्हणजे तुमचाच ना? आम्हाला काय माहीत आतलं. मी तर ग्रुपवर टाकलं पण, की घेऊ नका म्हणून.

त्या गेल्या तरी बरणी टेबलावर होती. त्या आठवड्यात तीन फोन आले. पुढच्या आठवड्यात डोंगरीला ठरलेल्या चार ऑर्डरी रद्द झाल्या. मसाला म्हात्र्यांचा विटला होता, पण नाव तिचं जात होतं. आईपासून आलेलं, दोन पिढ्यांनी हाताला चटके घेऊन कमावलेलं नाव.

हे तिच्या हिशोबातच नव्हतं. देवीकडे मागताना ती गोठ्याचं बोलली होती, नावाचं बोललीच नव्हती.

तिने व्हायोलेटला सगळं सांगितलं. ओली जमीन, देवीच्या नावाचं खोटं, तीन महिन्यांचं गप्प बसणं. व्हायोलेट वाडीत भेंडी तोडत होती. हात न थांबवता तिने ऐकलं आणि म्हणाली, "तू देवाला सांगतेस, मानसाला सांगत न्हाय. देव काय बेव्हर्ली पार्कात जाऊन सांगनार हाय, ह्यो मसाला वासंतीचा न्हाय म्हनून?"

"मग काय करू? जाऊन त्यांना शहाणं करून येऊ?"

"त्यांना कशाला? ज्यांचा मसाला नासला त्यांना सांग."

वासंती दोन दिवस विचार करत राहिली. गप्प राहून तिने जे हत्यार धरलं होतं त्याची धार तिच्याच बोटाला लागली होती. मग तिने आपल्या हंगामाचा मसाला काढला. डोंगरीच्या खोलीत भरून ठेवलेल्या, पावसाळ्यात विकायच्या बरण्या. जानूने रिक्षा तीन दिवस स्टँडवर लावली नाही. भाईंदर, बेव्हर्ली पार्क, वरसाव्यातली दोन-चार घरं. दारोदार जायचं, म्हात्र्यांची बरणी परत मागायची, आपली द्यायची. पैसे नाही. सांगायचं एवढंच, "हा माझा नव्हता, पण नाव माझं होतं." कुणी आत बोलावलं, कुणी दारातूनच घेतली. एका म्हाताऱ्या बाईने तिथेच बोट घालून चाखून पाहिला आणि म्हणाली, हां, हा खरा. परतीच्या वाटेवर जानू म्हणाला, सगळा हंगाम वाटलास की गं. ती म्हणाली, अजून संपलं नाही.

परत घेतलेला नासका मसाला तिने टाकला नाही. एका पोत्यात भरला, तोंड सुतळीने शिवलं आणि बाल्कनीत ठेवला. पोतं दिवसेंदिवस वास मारायला लागलं. खालच्या मजल्यावरचे विचारायला लागले. ती म्हणाली, थोडे दिवस.

ज्येष्ठ लागायला दहा-बारा दिवस होते तेव्हा जानू स्टँडवरून बातमी घेऊन आला. मीरा रोडचे इर्शादभाई, खारी-टोस्टवाले, त्यांना माल भरून ठेवायला जागा हवी होती. म्हात्र्यांनी मसाला बंद केला होता आणि गोठा भाड्याने काढला होता. लादी घातलेला, भिंती रंगवलेला. वासंती देत होती त्याच्या दुप्पट भाड्याला. इर्शादभाई सोमवारी बघायला जाणार होते. जानूला त्यांनी विचारलं होतं, तुम्हारी घरवाली वहाँ बैठती थी ना, जगह कैसी है?

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, विचारून सांगतो."

वासंतीने कॅलेंडर पाहिलं. सोमवारी भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरतीचा दिवस, पाणी खाली, जमीन कोरडी असणार. पुढच्या मंगळवारी अमावास्या.

"त्यांना सांगा, सोमवारी नको. पुढच्या गुरुवारी जा, दुपारी एकच्या सुमारास. आणि आत जाताना चपला काढून जा."

जानूने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच. खोटं काही सांगायचं नाही."

गुरुवारी जेवणवेळेला जानूची रिक्षा राईत शिरली. मागच्या सीटवर वासंती आणि तिच्या पायाशी ते पोतं. खाडी तुडुंब भरली होती, तिवरांचे शेंडे तेवढे वर. गोठ्याबाहेर इर्शादभाईंची स्कूटर. हरेश्वर पांढरा शर्ट घालून दारात. मागे निकेत आणि समिधा. चाळीतल्या दोन-तीन भाडेकरू बायका बोअरिंगवर भांडी घासत होत्या. मंदाही होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

इर्शादभाईंनी चपला काढल्या. हरेश्वर म्हणाला, राहू द्या हो शेठ, लादीच तर हाय. इर्शादभाई म्हणाले, नहीं, रोटी की जगह है, आणि आत गेले. दोन पावलं टाकून ते थांबले. पायाखाली बघितलं. पांढऱ्या लादीला घाम फुटला होता. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि तो नाकाशी नेला.

"शेठ, ये तो गीला है।"

"आज धुतलंय," हरेश्वर म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून धुवून घेतलं."

तेव्हा वासंती रिक्षातून उतरली. तिने आणि जानूने मिळून पोतं दारापर्यंत आणलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. तिने सुतळी उसवली. वास आपोआप आत गेला. समिधाने पदर नाकाशी नेला.

"धुतलेलं नाही, इर्शादभाई," वासंती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. भांडी घासणाऱ्या बायकांना ऐकू येण्यापुरता होता. "हे उधाणाचं पाणी आहे. खालून येतं. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, आणि पुढचे दोन दिवस. मी चार वर्षं इथे काम केलं. ते दिवस मी काम बंद ठेवायचे आणि माल उंचावर ठेवायचे. लोकांना सांगायचे देवीचं पाळते. ते खोटं होतं. देवीचं नव्हतं, पाण्याचं होतं. खोटं बोलले ते माझं पाप, मी कबूल करते. आणि हा यांचा मसाला, गिऱ्हाइकांकडून परत घेतलेला. माझ्या नावाने विकलेला."

 डोळ्यांत पाणी आणून समिधाच पुढे आली.

"काकी, तुम्ही मला सांगायचं होतंत. एक शब्द सांगायचा होता."

वासंतीने तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस या पोरीला काय काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"चार महिने माझ्या शेजारी बसलीस. मी हात थांबवायचे तेव्हा तू हसायचीस. हसलीस त्यापेक्षा विचारायचं होतंस. आणि माझ्या हातांचा फोटो छापताना तरी विचारायचं होतंस."

 इर्शादभाईंनी चपला घातल्या. हरेश्वरकडे न बघता ते म्हणाले, मेरा टोस्ट तो एक दिन में नरम हो जाएगा, आणि जाताना जानूच्या खांद्यावर हात ठेवून गेले. स्कूटर वळली तशी बोअरिंगवरची एक बाई दुसरीला म्हणाली, तरीच माझ्या खोलीची भिंत फुगते. दुसरी म्हणाली, माझी पण. हरेश्वरने ते ऐकलं. त्याच्या खोल्या त्याच रांगेत होत्या.

तो वासंतीजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "वासंती, झालं ते झालं. तुला जागा समजते. तू परत ये. जुनंच भाडं. दोन वर्षांचा कागद करतो, हवा तर तीनचा."

याच माणसाने अडकित्त्यातून मान वर केली नव्हती. वासंतीला वाटलं होतं, तो असं कधी बोलला तर आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिने एकदा आत नजर टाकली. कोपऱ्यात फोडलेल्या गव्हाणीचा एक तुकडा अजून पडला होता.

"गोठा आहे तो," ती म्हणाली. "बैल बांधा."

आणि ती रिक्षात जाऊन बसली.

परत जाताना ती देवीला गेली. तिथे काय बोलली ते जानूने विचारलं नाही. संध्याकाळी तिने मांदेली आणली आणि एकाच टोपात कालवण केलं, लालभडक, हात न आखडता. चार महिन्यांनी जिभेला मसाला लागला तसे तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक वाहायला लागलं. जानूने तांब्या पुढे सरकवला. तिने तो बाजूला ठेवला आणि अजून एक वाटी वाढून घेतली.

डोंगरीची जागा कोरडी आहे. तिथे पाणी चढत नाही, महिन्याचे तीस दिवस डंख चालला तरी काही बिघडणार नाही. तरी दर अमावास्येला वासंती काम बंद ठेवते. गॅब्रियलने विचारलं तेव्हा म्हणाली, देवीचं आहे. या खेपेला खरंच देवीचं होतं.

बाकी सगळे दिवस ती रिक्षाने राईवरून जाते. बोर्ड निघाला आहे. गोठ्याच्या दाराला कुलूप आहे, पावसाने ते गंजलं आहे, आणि भिंतीचा रंग खालून हातभर पापुद्रे सोडतोय. जानू आता वेग वाढवत नाही. वळण आलं की तिने सांगायच्या आधीच तो रिक्षा हळू करतो.